खांदे रुंद दिसायला हवेत? बाजूच्या स्नायूचा व्यायाम, पायरीपायरीने

मालवण, देवबाग, आचरा या पट्ट्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या पोरांची पाठ बघा. पाठ रुंद, मनगटं दणकट, पोटावर चरबी नाही. पण समोरून पाहिलं की मानेपासून निघालेली रेघ खांद्यावरून थेट दंडात उतरते. मध्ये जी गोलाई हवी ती नसते. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाचा खांदा बाजूने सपाट का राहतो, हे नीट कळलं की पुढचा सगळा व्यायाम सोपा होतो.

रापण ओढताना हात पुढून मागे येतो. वल्हं मारतानाही तेच. नारळाचं पोतं किंवा बर्फाची पेटी उचलताना हात सरळ खाली लोंबतो आणि भार पाठ, कंबर आणि पकडीवर येतो. हातात वजन घेऊन हात बाजूला, खांद्याच्या उंचीपर्यंत नेण्याचं काम रोजच्या कष्टात जवळजवळ येतच नाही. जिममध्येही बहुतेक जण बेंच प्रेस (आडवं झोपून छातीवरून वजन ढकलणं) आणि शोल्डर प्रेसवर (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं) जोर देतात, आणि त्यातला मोठा वाटा खांद्याच्या पुढच्या भागाला जातो. म्हणून बाजूचा भाग वाढवायचा तर त्याला त्याचं स्वतःचं काम द्यावं लागतं. हे काम हलक्या वजनाचं आणि चिकाटीचं आहे.

आधी स्नायू बोटांनी शोधा

खांद्यावर बसलेल्या मोठ्या स्नायूला डेल्टॉइड म्हणतात. त्याचे तीन भाग. पुढचा भाग गळ्याच्या हाडापासून निघतो, मधला म्हणजे बाजूचा भाग खांद्याच्या टोकावरच्या हाडापासून आणि मागचा भाग पाठीच्या फऱ्याच्या कडेपासून. तिन्ही भाग खाली येऊन दंडाच्या हाडावर बाहेरच्या बाजूला, साधारण मध्यावर, एकत्र चिकटतात.

आता डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्याच्या अगदी टोकाला ठेवा. तिथे एक टणक कडा लागेल. त्या कडेच्या दोन बोटं खाली दाबून धरा आणि उजवा हात हळूहळू बाजूला उचला. बोटांखाली जे कडक होतं तो तुमचा बाजूचा डेल्टॉइड. आता हात समोर उचला. कडकपणा पुढे सरकतो. ही चाचणी जिममध्ये पहिल्या दिवशीच करून घ्यावी, कारण नंतर सेट (सलग केलेल्या फेऱ्या) मारताना ताण नेमका कुठे यायला हवा हे शरीराला माहीत असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. गळ्याच्या हाडाची लांबी व्यायामाने वाढत नाही. काहींची चण जन्मतः रुंद असते, काहींची अरुंद. वाढतो तो हाडावरचा स्नायू. पण बाजूचा डेल्टॉइड शरीराच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला बसलेला असल्यामुळे तो थोडा जरी जाड झाला तरी कंबर बारीक आणि छाती रुंद दिसू लागते. बायकांनाही हे तितकंच लागू आहे. भारी खांदे होतील या भीतीने त्यांनी हा व्यायाम टाळू नये. स्नायू इतक्या सहज फुगत नाहीत, आणि डोक्यावर कळशी चढवायला किंवा लेकराला उचलायला मजबूत खांदा रोज उपयोगी पडतो.

वजन किती घ्यायचं

इथेच बहुतेकांची गाडी अडते. हात बाजूला ताठ पसरला की डंबेल खांद्याच्या सांध्यापासून साधारण ६० सेंटिमीटर लांब असतं. अंतर जितकं जास्त, तितका खांद्यावर पडणारा भार जास्त. कोपर काटकोनात दुमडलं की ते अंतर निम्म्यावर येतं आणि तेच डंबेल निम्मं जड लागतं. म्हणून जो मुलगा १० किलोची डंबेल्स कोपर दुमडून, कंबरेचा झटका देऊन उडवतो, तो खांद्याला ५ किलोएवढंसुद्धा काम देत नसतो.

रापण ओढणारा एक तरुण आमच्या जिममध्ये येतो. मी त्याच्या हातात ४ किलोची जोडी दिली. "दादा, ह्या एवढ्याश्या वजनान काय होतला?" त्याने विचारलं. "वीस मार, मगे सांग," मी म्हटलं. पहिले आठ रेप्स (एक रेप म्हणजे हात एकदा वर नेऊन खाली आणणं) तो आरशात बघत आरामात करत होता. अकराव्याला ओठ आवळले गेले. तेराव्याला उजवा खांदा कानाकडे सरकायला लागला. मी त्याच्या मानेजवळ एक बोट ठेवलं, तसा त्याने खांदा खाली सोडला, आणि पंधरावा रेप अर्ध्यावर थरथरून थांबला. पाठीवर मणभर ओझं वाहणाऱ्या माणसाला ४ किलोने थांबवलं. त्याच्या ताकदीत काही कमी नव्हतं. या स्नायूला हे काम नवीन होतं, इतकंच.

नवशिक्या पुरुषांनी ३ ते ५ किलो, बायकांनी १ ते २.५ किलोपासून सुरुवात करावी. खूण अशी की झटका न देता किमान १२ रेप्स व्हायला हवेत आणि २० च्या आत स्नायू थकायला हवा. घरी डंबेल नसेल तर एक लिटरची बाटली चालते. पाण्याने भरली की १ किलो, कोरड्या वाळूने भरली की साधारण दीड किलो.

साइड रेज, एकेक हालचाल

हा मुख्य व्यायाम आहे. घाई न करता वाचा.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, गुडघे किंचित सैल. कंबरेतून अगदी थोडं पुढे झुका, छाती वर. डंबेल मांड्यांच्या समोर नको, बाजूला ठेवा. कोपर किंचित वाकवा आणि आता तो कोन बदलायचा नाही, वर जातानाही नाही आणि खाली येतानाही नाही.

हात अगदी सरळ बाजूला नेऊ नका. थोडे पुढे, साधारण ३० अंशांवर ठेवा. फऱ्याचं हाड पाठीवर तिरकं बसलेलं असतं आणि खांद्याच्या सांध्याला याच रेषेत मोकळेपणा मिळतो. आरशात पाहिलं तर हात शरीराच्या रेषेपेक्षा किंचित पुढे दिसले पाहिजेत.

उचलताना डंबेल वर न्यायचा विचार करू नका, हात लांब न्यायचा विचार करा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना मुठी टेकवायच्या आहेत असं समजा. या एका सूचनेने मान आखडणं बरंचसं कमी होतं. खांद्याच्या उंचीला आलात की क्षणभर थांबा. मग दोन-तीन सेकंद घेत खाली या. खाली हात सैल सोडून विश्रांती घ्यायची नाही. मांडीपासून वीतभर अंतर असतानाच पुढचा रेप सुरू करा, म्हणजे स्नायूवरचा ताण सुटत नाही.

अंगठ्याबद्दल जिममध्ये वाद चालतो. वर गेल्यावर करंगळी वर, अंगठा खाली असा हात फिरवायला अनेक जण शिकवतात. काहींना ते चालतं, पण अशा फिरवण्याने सांध्याच्या आतली जागा अडचणीची होते आणि टोचू लागतं. मी तळवा जमिनीकडे आणि अंगठा किंचित वर असाच शिकवतो. स्नायूला काम पूर्ण मिळतं आणि सांधा कुरकुरत नाही.

आणखी एक गैरसमज. 'ट्रॅप्स अजिबात लागता कामा नयेत' (ट्रॅप्स म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू) असं सांगून पोरं फरे खाली घट्ट दाबून धरतात. हात डोक्यापर्यंत पूर्ण वर नेताना एकूण १८० अंशांपैकी साधारण १२० अंश दंड आणि फरा यांच्यातल्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फरा फिरल्याने. फऱ्याला फिरू द्या. टाळायचं आहे ते मुद्दाम खांदे उचलून कानाला लावणं.

केबल, आणि केबल नसेल तर

डंबेलची एक मर्यादा आहे. हात खाली असताना त्याचा भार खांद्यावर जवळजवळ शून्य असतो आणि हात आडवा झाला की सर्वांत जास्त. म्हणजे स्नायू ताणलेला असतो त्या खालच्या टप्प्यात काम होतच नाही. केबल (पुलीवरून तारेने वजन ओढायचं मशीन) ही उणीव भरून काढते. पुली लोंबत्या मनगटाच्या उंचीला लावा, मशीनकडे आडवे उभे राहा आणि मशीनपासून लांबच्या हाताने हँडल धरून बाजूला ओढा. आता सुरुवातीलाच पूर्ण जोर लागतो. केबल अंगासमोरून न्या किंवा मागून, ज्यात टोचणार नाही ते घ्या.

किनाऱ्यावरच्या जिममध्ये केबल वापरण्याआधी तिची तार बघायची सवय लावा. खाऱ्या हवेने लोखंडी तारेचे बारीक तंतू गंजून तुटतात आणि बहुतेक वेळा हँडलच्या हुकाजवळच तुटतात, कारण तिथे ती सतत वाकते. प्लास्टिकचं आवरण फाटलेलं, आत तांबूस दिसतंय आणि सुया बाहेर आल्यात, तर त्या मशीनवर काम करू नका आणि जिमच्या मालकाला लगेच दाखवा. डंबेलचे दांडेही पावसाळ्यात ओले राहतात. कोरडा टॉवेल जवळ ठेवा.

केबल नसेल तर कुशीवर झोपून करायचा रेज तेच काम करतो. चटईवर डाव्या कुशीवर झोपा, उजव्या हातात हलकं डंबेल घ्या, हात मांडीवर. तिथून वर उचला. इथे हात खाली असतानाच तो जमिनीला आडवा असतो, त्यामुळे जड भाग सुरुवातीलाच येतो. हात छताकडे सरळ उभा होण्याच्या बराच आधी थांबा, कारण त्यापुढे भार उरत नाही. उभं राहून ४ किलो करणाऱ्याला इथे २ किलो पुरतात. पावसात वीज गेली, जिम बंद पडली, तरी हा व्यायाम ओटीवर होतो.

प्रेस आणि अपराइट रो

शोल्डर प्रेस सोडू नका. त्याने एकूण खांदा मजबूत होतो आणि बाजूच्या भागालाही थोडा वाटा मिळतो. बसून डंबेल प्रेस, ६ ते १० रेप्स, तीन सेट, आठवड्यातून एकदा पुरे. फक्त त्यावर भरवसा ठेवून साइड रेज टाळू नका.

अपराइट रो (उभं राहून बार अंगाजवळून वर ओढणं) करायचा असेल तर बारबेल खांद्यापेक्षा रुंद पकडा आणि कोपरं खांद्याच्या उंचीला आली की थांबा. हात जवळ धरून बार हनुवटीपर्यंत ओढण्याची जुनी पद्धत मी शिकवत नाही. त्यात दंड आतल्या बाजूला वळलेला असताना वर जातो आणि बऱ्याच जणांचे खांदे त्यानेच दुखायला लागतात. आधीच दुखत असेल तर हा व्यायाम पूर्ण वगळा, काही बिघडत नाही.

बेंच प्रेसवर जास्त वेळ घालवणाऱ्यांनी मागच्या डेल्टॉइडसाठी फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं) किंवा वाकून मागे उचलायचा रेज जोडावा. रापण ओढणाऱ्यांना त्याची गरज कमी, त्यांची पाठ आधीच भरपूर काम करते.

आठवड्याचं गणित

स्नायू वाढतो तो आठवडाभरात एकूण किती चांगले सेट झाले त्यावर. चांगला सेट म्हणजे ज्याच्या शेवटी अजून एक ते तीन रेप्सच शिल्लक होते. वजन हलकं असो वा मध्यम, सेट थकव्याजवळ गेला तर वाढ होते. सांध्याला सुखाचे म्हणून साइड रेजसाठी १२ ते २० रेप्स मला योग्य वाटतात.

पहिले चार आठवडे फक्त दोन दिवस ठेवा, समजा सोमवार आणि गुरुवार. प्रत्येक दिवशी साइड रेजचे तीन सेट, म्हणजे आठवड्याला सहा. दोन सेटच्या मध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. पाचव्या आठवड्यापासून तिसरा दिवस जोडा आणि त्या दिवशी केबल किंवा कुशीवरचा रेज करा. असे नऊ झाले. नवव्या आठवड्यापासून प्रत्येक दिवशी एक सेट वाढवून बारा करा. बाराव्या आठवड्यानंतर एक आठवडा निम्मे सेट, मग पुन्हा सुरू. अनुभवी माणूस आठवड्याला १५ ते २० सेटपर्यंत जाऊ शकतो, पण नवशिक्याने तिथे उडी मारू नये. एकाच दिवशी बारा सेट मारण्यापेक्षा तीन दिवसांत वाटलेले बारा सेट जास्त फळ देतात, कारण शेवटचे सेट दमलेल्या अंगाने होत नाहीत.

वजन वाढवताना

आपल्याकडच्या अनेक जिममध्ये डंबेल २.५ किलोच्या टप्प्याने वाढतात. ५ वरून ७.५ म्हणजे थेट दीडपट. छातीच्या व्यायामात ही उडी जमते, साइड रेजमध्ये नाही. म्हणून आधी रेप्स वाढवा, मग वजन. ५ किलोने तिन्ही सेट स्वच्छ २० रेप्सचे झाले की ७.५ घेऊन बघा. १० किंवा जास्त होत असतील तर तिथेच राहा आणि पुन्हा २० कडे चढा. सात-आठलाच अंग हलायला लागलं तर ५ वर परत या आणि मनगटाला अर्धा किंवा एक किलोच्या पट्ट्या बांधा. रबरी बँड पायाखाली धरून डंबेलसोबत पकडला तरी चालतं.

वही ठेवा. तारीख, वजन, तिन्ही सेटचे रेप्स. मोबाइलवर बाजूने काढलेला एका सेटचा व्हिडिओ महिन्यातून एकदा बघा. झटका देतोय की नाही ते स्वतःला जाणवत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

ताटात काय

शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ९५ ग्रॅमच्या आसपास. कोकणात हे महागड्या डब्यांशिवाय जमतं. तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम. दोन मध्यम बांगड्यांचं दीडशे ग्रॅम मांस म्हणजे जवळपास ३० ग्रॅम. कुळथाची पिठी, मुगाची किंवा चवळीची उसळ, अर्धा लिटर दूध आणि भात मिळून उरलेलं भरून निघतं. तारली तर बांगड्यापेक्षाही स्वस्त पडते.

अडचण पावसाळ्यात येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी कमी होते. या दोन महिन्यांची तजवीज आधीच करा. सुकवलेला जवळा, सुकट, अंडी, कुळीथ, चिकन. खारवलेल्या मासळीत मीठ फार असतं, रक्तदाब असलेल्यांनी ती भिजवून, पाणी टाकून, बेतानेच खावी. सोलकढी आणि ओल्या नारळाची चटणी खुशाल खा, पण त्यांना प्रथिनांच्या हिशोबात धरू नका.

जिममध्ये कोणी बिनलेबलची पावडर किंवा इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. स्टेरॉइडने यकृत, हृदय आणि पुरुषांची स्वतःची हार्मोन्स बिघडतात.

आंबा, शिमगा आणि गणपती

कोकणातलं वर्ष जिमच्या तक्त्याप्रमाणे चालत नाही, तक्ताच वर्षाप्रमाणे वळवावा लागतो. आंबाकाढणीच्या दिवसांत लांब बांबूचं झेलं (आंबे तोडायची जाळीची काठी) दिवसभर वर धरून खांदे आधीच थकलेले असतात. त्या आठवड्यांत प्रेस बंद ठेवा आणि साइड रेजचे सेट निम्मे करा. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवणाऱ्यांचे ट्रॅप्स दोन-तीन दिवस ठणकतात. ते उतरल्यावरच डंबेल धरा. गणपतीत आठ-दहा दिवस व्यायाम सुटला तर घाबरू नका, तेवढ्यात स्नायू ओसरत नाही. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक दिवशी एक सेट कमी करा, मग होतं तसं सुरू.

दुखणं ओळखा

स्नायूत, दंडाच्या बाहेरच्या बाजूला होणारी जळजळ आणि दुसऱ्या दिवशीचा जडपणा चालतो. खांद्याच्या टोकावर खोलवर टोचणं चालत नाही. तसं झालं तर आधी वजन निम्मं करा, हात अजून थोडे पुढे घ्या आणि खांद्याच्या उंचीच्या जरा खालीच थांबा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात वर नेताना मधल्याच टप्प्यात कळ येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

कबड्डी खेळणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात प्रत्येक वाडीत एक तरी संघ असतो. पकडीत हात ओढला जाऊन खांदा एकदा जरी निखळला असेल, तरी आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. मग फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने बँडचे हलके व्यायाम करा. हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत विनादुखापत, विनाभीती जाऊ लागला की मगच १ किलोने साइड रेज सुरू करा, आणि पहिले दोन महिने हात खांद्याच्या वर किंवा पाठीमागे जाईल असा कुठलाही जड व्यायाम नको.